इम्प्लांटच्या दातांवरील डाग : कोणता घासून जाईल आणि कोणता डॉक्टरांना दाखवावा

आपण आईंसाठी आणलेली कोळशाची पावडर आजपासून बंद करावी, एवढे आधी सांगतो आणि मग आपल्या प्रश्नाकडे वळतो. निपाणीजवळच्या गावी राहणाऱ्या आपल्या आईंना तीन वर्षांपूर्वी पुण्यात, आपल्या नोकरीच्या ठिकाणी, तीन इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवलेले कृत्रिम दात, बसवून घेतल्याचे आपण लिहिले आहे : वरचा एक पुढचा दात आणि खाली उजवीकडच्या दोन दाढा. आता पुढच्या दाताला हिरडीलगत तपकिरी रेघ उमटली आहे, दाढांच्या जिभेकडील बाजूला काळपट थर बसला आहे आणि एका दाढेवर अगदी मधोमध काळा ठिपका दिसतो. आई सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात आणि चहाही दिवसातून चार-पाच वेळा होतो. हे दात ब्लीच करून पांढरे होतील का, की कॅपच बदलाव्या लागतील, असा आपला प्रश्न आहे.

एकाच तोंडातले हे तीन डाग दिसायला सारखे वाटले तरी त्यांची कारणे वेगळी असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्यांपैकी जो कोणालाच दिसत नाही तो, म्हणजे दाढांच्या आतल्या बाजूचा थर, मला सर्वांत काळजीचा वाटतो. इम्प्लांटच्या दाताबाबत डाग किती गडद आहे यापेक्षा तो नेमका कुठे बसला आहे हे आधी पाहावे लागते. त्यावरूनच तो घरी आवरता येईल की डॉक्टरांकडे जावे लागेल हे ठरते.

ब्लीचिंगचे उत्तर सरळ आहे : करू नये. ब्लीचिंगच्या औषधातील पेरॉक्साइड नैसर्गिक दाताच्या एनॅमलमधून आत झिरपते आणि तेथील रंगद्रव्ये फोडते. इम्प्लांटवरची कॅप पोर्सिलेनची असो वा झिरकोनियाची, तिचा रंग लॅबमधल्या भट्टीत पक्का झालेला असतो आणि पेरॉक्साइडने तो बदलत नाही. बदलतात ते शेजारचे नैसर्गिक दात. ते उजळले की त्यांच्यामध्ये उभी असलेली जुनी कॅप आधीपेक्षा जास्त पिवळी दिसू लागते. घरात लग्नकार्य निघाले की घाईने ब्लीचिंग करून घेणाऱ्यांची अशी फसगत नेहमी होते. ज्यांना अजून कॅप बसवायची आहे त्यांनी मात्र दात उजळवायचे असतील तर ते आधी उजळवून घ्यावेत, रंग स्थिर होण्यासाठी साधारण दोन आठवडे जाऊ द्यावेत आणि त्यानंतरच कॅपची छटा निवडावी.

आता कोळशाकडे येतो. इम्प्लांटच्या दाताचे तीन भाग असतात : हाडात बसलेला टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर हिरडीतून वर येणारा अ‍ॅबटमेंट आणि त्यावरची कॅप. कॅपच्या पृष्ठभागावर काचेसारखी गुळगुळीत झिलई असते आणि ती शाबूत असेपर्यंत चहाचा, हळदीचा किंवा तंबाखूचा रंग कॅपच्या आत शिरत नाही. लाळेतील प्रथिनांचा जो अतिशय पातळ पापुद्रा प्रत्येक दातावर सतत जमत असतो, त्याला हा रंग चिकटतो, आणि म्हणूनच तो योग्य पद्धतीने काढला तर पूर्ण निघतो. कोळसा, राखुंडी, मीठ, विटेची पूड, अशा कोणत्याही खरखरीत वस्तूने रोज घासल्यास पहिले काही दिवस दात खरोखरच पांढरे दिसतात, कारण तो रंगीत पापुद्रा निघून जातो. परंतु त्याबरोबर झिलईवर बारीक ओरखडे उठत जातात, त्या ओरखड्यांत पुढचा रंग अधिक घट्ट बसतो आणि मग माणूस अधिक जोराने घासू लागतो. शिवाय कोळशाचे काळे कण हिरडीच्या खाचेत अडकून राहतात. इम्प्लांटभोवतीच्या हिरडीला त्यांची मुळीच गरज नसते.

पुढच्या दाताची रेघ काय आहे हे आपल्याला घरीही बऱ्यापैकी ओळखता येईल. दिवसाच्या उजेडात आईंना खिडकीजवळ बसवावे, वरचा ओठ बोटाने उचलावा, दात कापसाने कोरडा करावा आणि रेघ कशावर आहे हे पाहावे. ती कॅपवर असेल, थोडी वेडीवाकडी असेल आणि ओल्या गॉजच्या कापडाने पुसल्यावर किंचित फिकी होत असेल, तर तो चहा-मिश्रीचा वरवरचा डाग आहे आणि दवाखान्यातल्या एका बैठकीत निघेल. रेघ केसासारखी बारीक, एकसारखी आणि करडी-काळी असेल व कॅपच्या कडेने जात असेल, तर आत धातू असलेल्या पोर्सिलेनच्या कॅपची ती कड असण्याचा संभव आहे. बसवली तेव्हा ती हिरडीखाली झाकलेली असते आणि हिरडी थोडी वर सरकली की उघडी पडते. ती कितीही घासली तरी जाणार नाही, कारण तो डाग नसून धातूच आहे. तिसरी शक्यता अशी की, रंग दातावर नसून हिरडीतच आहे. समोरच्या भागात हिरडी पातळ, म्हणजे दोन मिलिमीटरपेक्षा कमी जाडीची असेल, तर आतल्या टायटॅनियमची करडी छाया बाहेरून दिसते. यावर पांढऱ्या झिरकोनियाचा अ‍ॅबटमेंट बसवणे किंवा टाळूतून थोडी ऊती घेऊन हिरडी जाड करणे असे उपाय आहेत. मात्र हसताना ओठ इतका वर जात नसेल आणि हिरडी निरोगी असेल, तर साठीच्या आसपासच्या रुग्णाला केवळ त्या छायेसाठी शस्त्रक्रिया सुचवण्याच्या मी विरुद्ध आहे.

दाढेवरचा काळा ठिपका पाहून बहुतेक जण कीड लागली म्हणून घाबरतात. इम्प्लांटच्या दाताला कीड लागत नाही. किडण्यासारखे त्यात काहीच नसते. काही कॅप एका लहान, हाडातल्या स्क्रूहून वेगळ्या स्क्रूने आवळलेल्या असतात; अशा कॅपमध्ये त्या स्क्रूपर्यंत पोहोचण्यासाठी मधोमध एक छिद्र ठेवलेले असते, आत टेफ्लॉनची पट्टी दाबून वरून ते काँपोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरावाने, बुजवलेले असते, आणि हे काँपोझिट पोर्सिलेनपेक्षा मऊ असल्याने दोन-तीन वर्षांत झिजून त्याच्या कडेने चहाचा व हळदीचा रंग शिरतो. जुने काँपोझिट काढून नवे भरणे हे काही मिनिटांचे काम आहे. फक्त ते उघडल्यावर आतला स्क्रू सैल तर झालेला नाही ना, हे डॉक्टरांना आवर्जून तपासायला सांगावे. आपल्या दृष्टीने हा ठिपका एका अर्थी चांगली बातमी आहे, कारण ही कॅप सिमेंटने चिकटवलेली नसून स्क्रूची आहे, म्हणजे गरज पडल्यास न तोडता काढता येईल, असे त्यावरून बहुतेक ठरते.

आता दाढांच्या आतल्या बाजूविषयी. 1965 साली स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रेनेमार्क यांनी ज्या पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, त्याच्या तोंडात ते 2006 साली त्याचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे 40 वर्षांहून अधिक काळ टिकले. हाड टायटॅनियमला घट्ट धरून ठेवते याविषयी आता शंका उरलेली नाही. कच्चा दुवा आहे तो हिरडीचा. नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे घुसून घट्ट रोवलेले असतात. इम्प्लांटभोवती ते त्याला समांतर, नुसते वेढा घालून असतात. त्यामुळे जंतूंचा थर कडेला साचून राहिला तर आत उतरायला त्याला फारशी अडवणूक होत नाही. त्यात दाढेच्या इम्प्लांटची मान चार-पाच मिलिमीटरची असते, तर वरची कॅप दहा-अकरा मिलिमीटर रुंद असते. कॅपच्या पोटाखाली चारही बाजूंनी वळचण तयार होते आणि खालच्या दाढांच्या जिभेकडील वळचणीत ब्रश सहसा पोहोचत नाही. तिथे साचलेला मऊ थर लाळेतील कॅल्शियमने कडक झाला की त्याचे किटण होते, आणि मिश्री-चहाचा रंग पिऊन ते काळे दिसते. आपण वर्णन केलेला काळपट थर हाच असावा.

किटण दिसायला वाईट असते हा त्याचा सर्वांत लहान दोष. त्याच्या खरखरीत पृष्ठभागावर जंतू टिकून राहतात, हिरडी लाल होते, सुजते, ब्रश लागला की रक्त येते. ही पहिली पायरी असून तिला पेरी-इम्प्लांट म्युकोसायटिस म्हणतात आणि वेळेवर सफाई केल्यास ती पूर्ण बरी होऊ शकते. दुर्लक्ष झाले तर सूज हाडापर्यंत उतरते, इम्प्लांटच्या आट्यांभोवतीचे हाड झिजू लागते, आणि मग त्या अवस्थेला पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात. झिजलेले हाड पूर्वीसारखे भरून आणणे फार अवघड असते. या सगळ्यात दुखणे जवळजवळ नसते. इम्प्लांटमध्ये नस नसते, दातासारखी ठणक लागत नाही, आणि म्हणून "दुखत नाही, मग कशाला जायचं" हा आपल्या भागातला नेहमीचा हिशेब इम्प्लांटला लागू पडत नाही. आईंना दाढांजवळ रक्त येते का, पू किंवा घाण वास येतो का, हिरडी दाबल्यावर मऊ व फुगलेली लागते का, हे याच आठवड्यात विचारून घ्यावे. यांपैकी एक जरी गोष्ट असली तरी बाकीचे सर्व सोडून आधी तपासणी व्हावी. मधुमेह असेल आणि साखर आटोक्यात नसेल, तर हा धोका वाढतो, हेही ध्यानात ठेवावे.

मिश्रीबद्दल थोडे मोकळेपणाने लिहितो. निपाणी हा विडी-तंबाखूचा मुलूख. घरात तंबाखू असते, ती तव्यावर भाजून काळी करायची, कुटायची आणि डबीत भरून ठेवायची, ही रीत कित्येक घरांत सासूकडून सुनेकडे आलेली आहे. पुरुषांची विडी आणि पान निदान व्यसन म्हणून ओळखले जाते. मिश्री मात्र दात घासण्याच्या नावाखाली बिनबोभाट चालते. इम्प्लांटचे नुकसान ती दोन्ही बाजूंनी करते. तिची पूड खरखरीत असल्याने झिलई घासते आणि तिचा काळा रंग त्याच घासलेल्या जागी बसतो. त्याहून वाईट म्हणजे बोटाने हिरडीवर चोळल्यामुळे तंबाखू थेट हिरडीच्या कडेला लागते, तिथेच पुष्कळ वेळ राहते, आणि तंबाखूचा तोंडाच्या कर्करोगाशी असलेला संबंध तर सर्वांना माहीत आहेच. "मिश्री सोडली की तोंडात कायतरी चुकल्यागत वाटतंय बघा डॉक्टर, शौचालाबी साफ होत नाही," असे बायका सांगतात आणि त्यात खोटे काही नसते. निकोटिनची सवय लागलेली असते, ती तुटताना शरीर तक्रार करतेच. म्हणून आईंवर रागावून डबी फेकून देऊ नये. आधी संध्याकाळची मिश्री बंद करावी, तिच्या जागी मऊ ब्रश आणि पेस्ट द्यावी, सकाळची मिश्री काही आठवड्यांत कमी करत न्यावी आणि तरीही जमत नसेल तर निकोटिनच्या गोळ्या किंवा अन्य औषधांबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. घरातल्या कोणाला कात घातलेले पान किंवा जरदा खाण्याची सवय असेल, तर त्यांच्या इम्प्लांटचीही हीच गत होते. काताचा तांबूस डाग तर मिश्रीपेक्षाही चिवट असतो.

चहा सोडा असे मी सांगणार नाही, कारण ते कोणी ऐकत नाही. चहा घेतल्यावर घोटभर साध्या पाण्याने चूळ भरली तर बराचसा रंग बसण्यापूर्वीच वाहून जातो. बोअरच्या जड पाण्याला दोष देण्याची आपल्याकडे, विशेषतः अथणी-रायबागच्या बाजूला, फार सवय आहे. परंतु किटणातले क्षार मुख्यतः लाळेतून येतात, त्यामुळे फिल्टर बसवला म्हणून दाढेमागचे किटण थांबेल अशी आशा धरू नये.

रोजच्या सफाईसाठी मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश घ्यावा. तो हिरडी आणि कॅप यांच्या सांध्यावर तिरका टेकवून, अर्धा हिरडीवर व अर्धा दातावर, जागच्या जागी हलका हलवावा; आडवे रगडू नये. खालच्या दाढांच्या आतल्या बाजूसाठी तोंड अर्धवट मिटावे लागते. तोंड पूर्ण उघडले तर जीभ आणि गाल ताणले जाऊन ब्रशला जागाच राहत नाही, ही साधी गोष्ट रुग्णांना क्वचितच सांगितली जाते. त्यानंतर दोन दाढांमधल्या फटीत आणि त्यांच्या मागे-पुढे बारीक इंटरडेंटल ब्रश घालावा. त्याच्या मधल्या तारेवर प्लॅस्टिकचे वेष्टण असलेलाच घ्यावा, म्हणजे उघडी तार टायटॅनियमला घासणार नाही. फटीत तो किंचित अडत जावा, पण जोर करावा लागू नये. आईंना कोणता आकार लागेल हे एकदा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे, कारण दोन फटींना दोन वेगळे आकारही लागू शकतात. मधला भाग स्पंजासारखा फुगीर असलेला सुपरफ्लॉस, म्हणजे दात साफ करण्याचा धागा, मिळतो, तो कॅपच्या वळचणीखालून मागून पुढे घेऊन, दोन्ही टोके पुढे धरून हलकेच ओढला की जिभेकडची बाजू पुसली जाते. मात्र इम्प्लांटचा खरखरीत भाग उघडा पडलेला असेल तर फ्लॉसचे धागे तिथे अडकून राहतात आणि त्यानेच सूज येते, म्हणून तशा जागी फ्लॉसऐवजी इंटरडेंटल ब्रशच वापरावा. साठीनंतर बोटांची पकड कमी झालेली असेल, तर पाण्याच्या फवाऱ्याचे यंत्र उपयोगी पडते. ते कमी दाबावर ठेवावे आणि ब्रशला पूरक म्हणूनच वापरावे. हे सर्व रात्री झोपण्यापूर्वी एकदा नीट झाले तरी पुरेसे आहे. सकाळी साधा ब्रश चालेल.

पेस्ट साधी, कमी खरखरीत असावी. "स्मोकर्स" किंवा "व्हाइटनिंग" म्हणून विकल्या जाणाऱ्या पेस्टपैकी बऱ्याच जास्त खरखरीत असतात, त्या टाळाव्यात. फ्लोराइडची भीती मात्र बाळगू नये. दवाखान्यात लावल्या जाणाऱ्या आम्लयुक्त फ्लोराइड जेलने पोर्सिलेनची झिलई खराब होते आणि टायटॅनियमलाही ते मानवत नाही, म्हणून इम्प्लांट असल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे. नेहमीच्या फ्लोराइड पेस्टने तसे काही होत नाही आणि आईंच्या उरलेल्या नैसर्गिक दातांना तिची गरज आहे. लिंबू आणि खाण्याचा सोडा एकत्र करून लावण्याचा जो उपाय घरोघर फिरतो, त्यातील लिंबाने कॅपला फारसे काही होत नसले तरी शेजारच्या दातांचे एनॅमल विरघळते.

एक डाग तर औषधानेच पडतो. हिरडी सुजली की क्लोरहेक्झिडिनच्या गुळण्या लिहून दिल्या जातात. औषध उत्तम आहे, पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ चालू ठेवले आणि जोडीला चहा असला, तर दातांवर, कॅपवर आणि जिभेवरही तपकिरी थर बसतो. बाटली संपली की रुग्ण दुकानातून दुसरी आणतात आणि महिनोन्‌महिने चालू ठेवतात. आईंकडे अशी बाटली असेल, तर ती कधीपासून चालू आहे हे पाहावे. पुढच्या दाताच्या रेघेत तिचाही वाटा असू शकेल. ज्या काळात ती घ्यायची असेल, त्या काळात पेस्टने घासल्यावर अर्धा तास थांबून गुळणी करावी, कारण पेस्टमधल्या फेसाच्या घटकांमुळे औषधाचा गुण कमी होतो, आणि गुळणीनंतर लगेच चहा घेऊ नये.

दवाखान्यातील सफाईबाबत एक गोष्ट विचारून घेण्यात संकोच करू नये : इम्प्लांटसाठी कोणते टोक वापरणार? नैसर्गिक दातांचे किटण काढायचे स्टीलचे अल्ट्रासॉनिक टोक टायटॅनियमवर ओरखडे पाडते आणि कॅपची कड टवकू शकते. त्यासाठी प्लॅस्टिकचे किंवा पीक नावाच्या कठीण पॉलिमरचे टोक, टायटॅनियमची हत्यारे, आणि रंगाच्या डागांसाठी ग्लायसिन किंवा एरिथ्रिटॉलच्या बारीक भुकटीचा हवेचा फवारा वापरतात. कोळशाने झिलई गेली असेल तर हिरेकणयुक्त रबराने कॅप तोंडातल्या तोंडात पुन्हा गुळगुळीत करता येते.

सीमाभागातल्या रुग्णांची एक अडचण अशी की, इम्प्लांट पुण्याला किंवा गोव्याला मुलांकडे बसवले जाते आणि पुढची देखभाल गावाकडे व्हायची असते. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूला स्वतःची चावी लागते, आणि कंपनी माहीत नसेल तर इथला डॉक्टर कॅप उघडूच शकत नाही. आपण पुण्यातच आहात, तेव्हा त्या दवाखान्यातून इम्प्लांटची कंपनी, मापे आणि बॅच क्रमांक असलेले कार्ड, तसेच कॅप बसवली त्या दिवशीचा एक्स-रे मागून घ्यावा. आजच्या एक्स-रेशी तो ताडून पाहिल्याखेरीज हाड झिजले आहे की नाही हे खात्रीने सांगता येत नाही. निपाणीहून कोल्हापूर आणि बेळगाव दोन्ही महामार्गावरच आहेत. बेळगावात केएलईचे आणि मराठा मंडळाचे अशी दोन दंत महाविद्यालये आहेत आणि तिथे हिरड्यांच्या विकारांचे वेगळे विभाग आहेत. जवळच्या डॉक्टरांकडे वरील साधने नसतील तर तिकडे जाण्यास हरकत नाही. पहिल्या सफाईनंतर मिश्री सुटेपर्यंत दर तीन महिन्यांनी आणि नंतर दर सहा महिन्यांनी तपासणी पुरते.

क्रम असा ठेवावा : आधी दाढांची तपासणी, एक्स-रे आणि किटण काढणे, त्याच बैठकीत ठिपक्याचे काँपोझिट बदलणे, पुढच्या दाताचा डाग हलका करणे. सफाईनंतर सहा ते आठ आठवड्यांनी हिरडी पुन्हा तपासतात, आणि पुढच्या दाताची कॅप बदलायची की नाही याचा निर्णय तोपर्यंत कोणीही आग्रह केला तरी लांबणीवर टाकावा, कारण सुजलेली हिरडी ओसरली की तिची कड थोडी वर सरकते आणि आज सुजलेल्या हिरडीच्या मापाने केलेली नवी कॅप दोन महिन्यांत पुन्हा कडेला उघडी पडते.